ढक्कनभर झोप

माझ्या नवऱ्याला स्वतःच्या झोपेची फार काळजी होती. झोपेचं सगळं शास्त्र आपल्यालाच कळलं आहे आणि बाकीचं जग नुसतंच अंथरुणात लोळतं, अशा थाटात तो बोलायचा. चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणते, अजूनही म्हणते. इथं मात्र 'तो' लिहिणार आहे. कागदावर तेवढी मोकळीक मला हवी.

आम्ही तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत राहायचो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वसाहतीतले रिकामटेकडे अजूनही पानठेल्यावर उभे राहून कोणतं गाव इकडे राहिलं नि कोणतं तिकडे गेलं यावर तावातावाने बोलायचे, जसं काही यांना विचारूनच कुणी रेघ मारणार होतं. माझं माहेर सिहोऱ्याकडचं, धानाचं. सासरी आले तेव्हापासून अंगणात, कपड्यांत, पोळीच्या पिठातसुद्धा काळी धूळ. तिची सवय झाली. नवऱ्याच्या झोपेची झाली नाही.

तो पिंजऱ्याच्या इंजिनावर होता. खाण जमिनीखाली. माणसं लोखंडी पिंजऱ्यात दाटीने उभी राहतात, घंटी वाजते, आणि वर इंजिनघरात बसलेला एकच माणूस दांडा हलवून त्यांना खाली सोडतो किंवा वर घेतो. कुठे हळू करायचं, कुठे थांबवायचं, सगळं त्याच्या हातात. एका खेपेला दहा-बारा माणसं. त्यात माझा धाकटा भाऊ असायचा, कारण तो खाली ड्रिलवर होता आणि त्याची पाळीही नवऱ्याचीच. म्हणजे माझ्या भावाचा जीव रोज माझ्या नवऱ्याच्या मनगटात. या गोष्टीचा मला आधी अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे. इंजिनवाल्याची बायको म्हणून बुद्धविहारात बायका मला सरकून जागा द्यायच्या.

त्या हिवाळ्यात दुसरा इंजिनवाला पाय मोडून घरी बसला आणि तिसरा नवखा होता. त्यामुळे रात्रपाळी सलग याच्याच गळ्यात आली. सकाळी सात-साडेसातला तो घरी यायचा, आंघोळ करायचा, भात खायचा आणि मग दवा घ्यायचा.

दवा म्हणजे मोहाची, पहिल्या धारेची. पण तिला दारू म्हणायचं नाही. आमच्या घरी दर रविवारी पांढरे कपडे घालून विहारात जायची रीत होती. तिथं सगळ्यांबरोबर हात जोडून तो पाच शीलं म्हणायचा आणि पाचवं, नशेचं, तर जरा जास्तच मोठ्याने. मग घरी येऊन दवा कशी घ्यायची? त्यावर आमच्या रांगेतल्या पुरुषांनी एक तोड काढली होती. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घ्यायची, धुवायची, तिच्यात मोहाची भरायची आणि बाटलीच्या झाकणाने मोजून घ्यायची. ढक्कनाने मोजून घेतली की ती दवा. पेल्याने घेतली तर दारू. एवढ्या मोठ्या शीलाला एवढ्याशा ढक्कनातून पलीकडे नेण्याची अक्कल ज्यांना सुचली, त्यांना खाणीत कुणी मुकादमही केलं नव्हतं.

"दारू नोहोय व ते," तो मला समजवायचा. "झोपेची दवा आहे. दिवसा झोप लागते काय माणसाले? उजेड असते, कावळे असतात."

सुरुवातीला एक ढक्कन होतं. मग दोन झाली. दिवाळीनंतर ढक्कन मोजायचा त्यालाच कंटाळा आला आणि तो सरळ स्टीलच्या पेल्यात ओतू लागला, पण म्हणायचा मात्र 'ढक्कन घेतलं' असंच. शब्द बदलला नाही म्हणून त्याच्या हिशेबी काहीच बदललं नव्हतं.

आणि या झोपेचं वसाहतीत केवढं कौतुक! आमच्याकडे अशी रीत होती की रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपला की त्याचं हेल्मेट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायचं. ते दिसलं की रांग गप्प. भाजीवाली ओरडायची थांबायची. नळावर बायका पाण्याचे गुंड कपड्याच्या चुंबळीवर ठेवायच्या, आवाज नको म्हणून. पलीकडच्या क्वार्टरमधल्या शेजारणीने तर आपल्या दोन वर्षांच्या पोरीला आमच्या दारासमोरून चवड्यांवर चालायला शिकवलं होतं. मी शिवणकाम करायची, पण यांची निद्रा सुरू झाली की मशीन बंद. मग त्याच खोलीत भिंतीला टेकून हाताने तुरपाई, काजं, बटणं असं काम करत बसायचं. खोली एकच, म्हणून त्याच्या झोपेकडे बघत बसायची वेळ माझ्यावर आली. नाही तर मलाही कळलं नसतं.

आडवा पडल्यावर दहाव्या मिनिटाला तो घोरायला लागायचा. यालाच तो झोप म्हणायचा. "पडलो का लागली," असं पानठेल्यावर सांगायचा. पुढचं त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. घोरता घोरता मध्येच श्वास अडकायचा आणि मी सुई हातात धरून वाट बघायची. मग एकदम हिसका देऊन सुरू व्हायचा. दोन-अडीच तास असे गेले की दवेचा जोर ओसरायचा आणि खरा तमाशा सुरू व्हायचा. हिवाळ्यात मानेवर घाम. कूस बदलणं. पाणी. लघवीला उठणं. परत आडवं होऊन डोळे मिटणं आणि आतल्या आत काहीतरी पुटपुटणं. छातीवर हात ठेवून पडून राहणं. परत पाणी. संध्याकाळी पाचला उठून म्हणणार, "आठ तास झोपलो." मेल्या, आठ तास तू नुसता पडला होतास. झोपलास किती, ते मला विचार.

एवढ्यावर मी त्याला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. तसं मी त्याला बऱ्याच गोष्टींत सोडून दिलेलं होतं.

पण एका संध्याकाळी तो उठून ओट्यावर चहा पीत बसला होता. मी समोर तांदूळ निवडत होते. काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वर पाहिलं तर याचे डोळे सताड उघडे, नजर समोरच्या बाभळीवर, आणि हातातली बशी हळूहळू कलंडत होती. चहा मांडीवर सांडत होता आणि याला पत्ता नव्हता. किती वेळ? मी पाच-सहा खडे वेचले असते, तेवढा. मग चटका बसला तसा दचकला.

"काय झालं?" मी म्हणाले.

"काई नाई. इचार करून राहिलो होतो."

विचार! लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा माणूस चहा पिता पिता विचार करत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तोंडाला वास नव्हता, ओट्यावर येताना पाय सरळ पडले होते, बोलणं साफ होतं. डोळे उघडे होते आणि माणूस जागेवर नव्हता. मला बशी दिसेना, इंजिनाचा दांडा दिसायला लागला. पिंजरा खाली चालला आहे, आत माझा भाऊ उभा आहे, आणि वर हा असा बाभळीकडे बघत बसला आहे. तांदूळ तसेच ठेवून मी आत गेले.

मी बोलले तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं. "मी डुटीवर पिऊन जातो काय? गेटवर वास घेतात, माहीत आहे न? आजपावतो मले कोणी वापस केलं काय?"

खरंच होतं. सकाळी आठला घेतलेली रात्री गेटवर कुणाला सापडणार? तोंड हुंगणारा माणूस खाणीने ठेवला होता, झोप हुंगणारा ठेवला नव्हता. आणि नेमकं याच गोष्टीमुळे तो स्वतःला निर्दोष समजायचा. पकडता येत नाही म्हणजे चूक नाही, एवढी सोपी त्याची समजूत.

मी म्हणाले, "मी मोजून दाखवतो. आठ दिवस तुमची दवा घेऊन, आठ दिवस न घेता. किती बार उठता, ते लिहून ठेवतो."

तो हसला. "मोज. पन हरली त पुन्हा या गोष्टीवर तोंड उघडायचं नाई."

मी ब्लाउजच्या कटिंगचा एक जुना पुठ्ठा घेतला आणि मार्किंगचा निळा खडू. तो उठला, पाणी प्यायला, की एक रेघ. नुसती कूस बदलली की अर्धी. पहिल्या आठ दिवसांत एका दिवसाला कधी आठ रेघा, कधी अकरा. मी काही शिकलेली नर्स नव्हते, पण कापड मोजायला जेवढं लक्ष लागतं तेवढं माझ्याकडे होतं.

मग बाटली बंद केली आणि मी तोंडावर आपटले. पहिल्या दिवशी तो झोपलाच नाही. दुसऱ्या दिवशी तासभर. तिसऱ्या दिवशी हात थरथरत होते, चेहरा सुजलेला, येता-जाता माझ्यावर खेकसत होता. पुठ्ठ्यावर रेघा मारायला जागा पुरेना. त्या तीन रात्री तो इंजिनावर गेला आणि मी घरात भिंतीला पाठ लावून बसून राहिले. हे सगळं मीच मांडलं होतं, आणि भाऊ खाली होता.

पानठेल्यावर ही बातमी गेली तसा सगळा मेडिकल बोर्ड आमच्या ओट्यावर आला. एकाचं म्हणणं, कोमट पाण्यातून घ्यायला हवी. दुसऱ्याचं, आंघोळीआधी. तिसरा, ज्याची स्वतःची बायको त्याच्या घोरण्यापायी सहा महिन्यांपासून सासूजवळ निजत होती, तो मला सांगत होता, "बाई, कायले त्याच्या झोपेच्या मागं लागल्या? मोहाची म्हंजे फुलाचीच त आहे. रक्त पातळ होते तिनं." सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या, सगळे दर वाक्याला जांभई देणारे, आणि सगळे झोपेवर प्रवचन देत होते. मी चहा केला नाही. एवढाच माझा निषेध.

नवरा खुशीत होता. "पाह्यलं? न घेता झोप येतच नाई मले. हरली तू."

मलाही वाटलं, हरलो आपण. पण आठ दिवस ठरले होते आणि शब्द मोडला असं म्हणवून घ्यायची त्याला लाज होती. त्याची ही एक गोष्ट माझ्या उपयोगी पडली.

सहाव्या दिवशी तो आला, जेवला, भिंतीकडे तोंड करून पडला. लगेच लागली नाही. अर्धा-पाऊण तास चुळबुळला. मग श्वास लांब झाला. घोरणं नाही, हिसका नाही. मी बाही तुरपत बसले. एक बाही झाली, दुसरी झाली. नळाला पाणी आलं आणि गेलं. दुपारचा भोंगा वाजला तरी तो हलला नाही. एकदा तर मी जवळ जाऊन नाकासमोर हात धरला. चेहरा सैल पडला होता, कपाळावरची आठी गेली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिलेला चेहरा होता तो. मला त्या माणसाचा इतका राग होता, तरी मी तिथं बसून रडले. आनंदानेच रडले. वाटलं, झालं, सुटलो.

पुढचे दोन दिवस तसेच. एकेका दिवसाला एक रेघ, एखादी अर्धी. उठला की भूक लागायची, चहाची बशी हातात सरळ राहायची, शेजारच्या पोरीला आपणहून हाक मारून खांद्यावर घ्यायचा. रविवारी मी त्याच्यासमोर पुठ्ठा ठेवला. त्याने बोट ठेवून रेघा मोजल्या. दोनदा मोजल्या. मला वाटलं, आता हा मान खाली घालील.

"म्हंजे झोप आता जाग्यावर आली," तो म्हणाला. "आता एखादं ढक्कन घेतलं त काई होत नाई."

आणि फडताळातून बाटली काढली.

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली. औषध न घेता बरा झालेला आणि बरा झालो म्हणून पुन्हा आजाराची बाटली उघडणारा हा एकच पाहिला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी झोपेवर एक शब्द बोलले नाही. तो समजला, मी हरले.

इथवर तो मूर्ख आणि मी शहाणी. असंच मी माझ्या बहिणींना सांगत आले आहे. पण त्यानंतर मी काय केलं ते त्यांना सांगितलेलं नाही.

इंजिनघराचा साहेब आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर राहायचा. त्याच्याकडे पुठ्ठा घेऊन जायचं आणि सांगायचं, याला काही दिवस इंजिनावरून उतरवा. एवढंच काम होतं. मी दोनदा पदर सारखा करून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. उतरवला असता तर बाहेर ढिगावर कुठेतरी दगड निवडायला लावला असता. मग विहारात कोण सरकून जागा देणार होतं? बायका काय म्हणाल्या असत्या? नवऱ्याला मी भीत नव्हते. मी भीत होते ते विहारातली ती जागा जाण्याला.

म्हणून मी भावाला घरी बोलावलं. जेवू घातलं आणि सांगितलं, "तू पाळी बदलून घे. दिवसाची घे."

"काहून?"

मी पुठ्ठा दाखवला, बशीची गोष्ट सांगितली. त्याने पुठ्ठा उलटा करून जमिनीवर ठेवला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मग म्हणाला, "अन् बाकीच्यायचं काय, बाई?"

"बाकीच्यायच्या घरी बायका आहेत," मी म्हणाले. "त्या पाहतीन."

काय पाहणार होत्या त्या? त्या तर पोरांच्या तोंडावर हात ठेवून माझ्या नवऱ्याची झोप सांभाळत होत्या. हे मला तेव्हाही कळत होतं. भावाने मान हलवली. त्यालाही आपला जीव प्यारा होता, आणि बहिणीचं नाव खराब करायचं नव्हतं. तीन-चार दिवसांत त्याने अदलाबदल करून घेतली.

पुढे काही झालं नाही, हे सांगायला हवं. पाय मोडलेला माणूस उन्हाळ्यात परत आला, पाळ्या पुन्हा फिरू लागल्या, पिंजरा त्या सगळ्या रात्री नीट खाली गेला आणि नीट वर आला. नवरा निवृत्त होईपर्यंत त्या दांड्यावर राहिला आणि निरोपाच्या दिवशी त्याला शाल मिळाली. आजही तो म्हणतो, "एवढी वर्षं डुटी केली, काई झालं काय?" तेच वाक्य मीही स्वतःला ऐकवत असते.

पण भावाने पाळी बदलली त्या आठवड्यातली एक सकाळ आहे. शेजारीण ब्लाउजचं कापड घेऊन आली. पोर कडेवर होती. नवरा आत दवा घेऊन पडलेला, पहिल्या जोराचं घोरणं चाललेलं. ती दारातच, आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"ताई, तुमच्या भावाच्या जाग्यावर आमचे हे आले न रातच्या पाळीत. मले पयले भेव वाटलं. मंग म्हटलं, इंजिनावर भाऊजी आहेत, आता कायचं भेव?" आणि आत मान वळवून, "कशी निवांत लागली आहे त्यायची झोप. लागते न चांगली?"

मी म्हणाले, "लागते."

ती खुशीत हसली, पोरीला खाली ठेवलं आणि हात वर केले. मी टेप घेऊन तिच्या बाहीचं माप घेतलं.